ओमच्या दाखल्यासोबत

सातारा, सोमवार रात्र

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

ओमचा जन्मदाखला पाठवते आहे. लाल ट्रंकेत आजीच्या शालूखाली होता. कडा पिवळ्या पडल्यात, पण शिक्का स्पष्ट आहे. रविवारी फोन तसा ठेवायला नको होता. तुझे बाबा उठून गच्चीवर गेले ते तुझ्यावर रागावून नव्हे. दादांच्या येरवड्यातल्या एकोणीस महिन्यांचा विषय निघाला की ते असेच उठतात, तुला माहीत आहे. तुझ्या नव्या कामाबद्दल मी काही लिहिणार नव्हते. लोणचं कोणतं पाठवू, एवढंच विचारायचं होतं.

पण तू म्हणालास, "आई, मी फक्त ड्रोनचं चित्र स्पष्ट करतो, पुढचं बाकीचे बघतात." ते 'फक्त' काही केल्या डोक्यातून जात नाही.

मीही चौतीस वर्षं कोर्टात फक्त टाईपच केलं. साहेब सांगायचे, मी उतरवून घ्यायचे. तू चौथीत असताना एका फाशीच्या निकालाचं डिक्टेशन घेतलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. गुन्हा असा होता की मला जेवण गेलं नव्हतं. तरी दोषी ठरवल्यावर साहेब थांबले आणि त्या माणसाला विचारलं, शिक्षेबद्दल तुला काय सांगायचंय? तो म्हणाला, आई एकटी आहे. तेही मी लिहून घेतलं. निकालाची प्रत त्याला फुकट द्यायची असते, ती मीच काढली. मग कागद मुंबईला गेले, कारण सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती देता येत नाही. तिथे त्याची जन्मठेप झाली. इतक्या हातांतून गेल्यावर.

कसाबचंच बघ. आपल्या केडंब्याच्या तुकाराम ओंबळेंनी हातात काठी असताना त्याच्या बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि तो जिवंत सापडला. परका माणूस, सगळ्या देशाने पाहिलेला गुन्हा. तरी त्याला वकील दिला. मे २०१० मध्ये शिक्षा झाली, हायकोर्ट झालं, सुप्रीम कोर्ट झालं, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात फाशी. किती लोक तेव्हा म्हणत होते, कशाला पोसताय. मला मात्र आपल्या कोर्टाचा अभिमान वाटला होता, आजही वाटतो.

त्याच वर्षांत तुझ्या देशात काय झालं ते मी आता वाचलं. (तुझा देश म्हणते, वाईट वाटून घेऊ नकोस. शपथविधीचा फोटो मी देवघराशेजारी लावला आहे.) अन्वर अल-अवलाकी, १९७१ साली न्यू मेक्सिकोत जन्मलेला, अमेरिकेचाच नागरिक. माणूस चांगला नव्हता, येमेनमध्ये बसून पोरांना मारायला-मरायला शिकवत होता. २००९ च्या नाताळात डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात बॉम्ब नेणाऱ्या पोराला त्यानेच तयार केलं, असं सरकारचं म्हणणं. असेलही. त्याचं नाव मारायच्या यादीत आहे हे कळल्यावर त्याचे वडील वॉशिंग्टनच्या कोर्टात गेले. नासर त्यांचं नाव, तुझ्यासारखेच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला आलेले, पुढे येमेनचे शेतीमंत्री झाले. डिसेंबर २०१० मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, मुलाच्या वतीने दावा लावायचा अधिकार बापाला नाही, आणि हा प्रश्न कोर्टाने सोडवायचाही नाही. पण त्याच निकालात त्यांनी स्वतःच विचारलं आहे की परदेशातल्या नागरिकाचा फोन चोरून ऐकायला कोर्टाची परवानगी लागते, मग त्याला ठार मारायला कोर्टाने बघायचंही नाही, हे कसं? निखिल, मी इतके निकाल टाईप केले, पण असं वाक्य लिहून पुढे दावा काढून टाकलेला कधी पाहिला नाही.

३० सप्टेंबर २०११ ला ड्रोनने त्याला मारलं. शेजारी समीर खान होता, तोही अमेरिकन. मारणं कायद्यात कसं बसतं याचं टिपण सरकारी वकिलांनी जुलै २०१० मध्येच लिहून ठेवलं होतं. ११ सप्टेंबरनंतर संसदेने दिलेली युद्धाची परवानगी, धोका जवळ आलेला, पकडणं शक्य नाही, असे त्यातले मुद्दे. मुद्दे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण ते टिपण लोकांना वाचायला मिळालं २०१४ मध्ये, तेही कोर्टाने भाग पाडल्यावर. ज्याच्याबद्दल होतं तो मरून पावणेतीन वर्षं झाली होती. त्याची प्रत कोणाला द्यायची होती?

आणि त्याचा मुलगा. अब्दुलरहमान, सोळा वर्षांचा. बापाला शोधायला घरातून निघून गेला होता. बाप गेल्यावर दोनच आठवड्यांत, १४ ऑक्टोबरला, उघड्यावरच्या खानावळीत चुलतभावासोबत बसला असताना तोही ड्रोनच्या हल्ल्यात गेला. सरकार म्हणालं, तो आमचं लक्ष्य नव्हता. आधी तर अधिकाऱ्यांनी तो एकवीस वर्षांचा असल्याचं सांगितलं. मग घरच्यांना त्याचा जन्मदाखला दाखवावा लागला. २६ ऑगस्ट १९९५, डेन्व्हर.

हे वाचलं आणि मी उठून ट्रंक उघडली. ओमच्या दाखल्यावर तेच गाव आहे.

तुझं चित्र कोणाचं असतं, हे तुला कोणी सांगतं का? तो माणूस कोण, त्याच्या बाजूने कोणी काही बोललं का, हे विचारायची सोय तुमच्याकडे आहे का? विचारलं तर नोकरीवर येईल का? घराचा हप्ता, ओमचं कॉलेज, हे मला कळतं. आणि तिकडे तुमच्या देशाला खरोखर शत्रू आहेत, हेही कळतं. झालं, मी उपदेश करायला लागले. माफ कर. तू पंचेचाळिशीचा आहेस, माझ्यापेक्षा जग जास्त पाहिलंस.

पण मला तो दिवस आठवतो. तू नऊ वर्षांचा, अजिंक्यताऱ्यावर मामाची दुर्बीण घेऊन उभा. खाली राजवाड्याच्या बाजूला बोट दाखवून ओरडलास, "दादा चाललेत! मी चालण्यावरून ओळखलं!" हात हलवलेस, हाका मारल्यास. मलाही दिसले. तीच टोपी, तसाच डावा पाय ओढत चालणं. मी शपथेवर सांगितलं असतं. उतरून घरी आलो तर दादा सकाळपासून पडवीत झोपलेले, अंगात ताप. मीठ-साखरेचं पाणी तूच चमच्याने पाजलंस, आणि पुन्हा पुन्हा विचारत होतास, "मग तो कोण होता?"

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. ते तुझं तू ठरव. बाबा म्हणतात, त्याला त्रास देऊ नकोस. तुझी झोप कशी आहे? रविवारी डोळे सुजलेले दिसले. स्नेहाला विचारलं असतं, पण ती तुझीच बाजू घेते, आणि घ्यावी.

लिंबाचं लोणचं पाठवते, कैरीचं तुमच्याकडे फसफसतं. मेतकूट वेगळ्या डब्यात आहे. ओमला सांग, आजीने मोजे विणलेत, पायाचं माप मागच्या वर्षीचं धरलंय, आखूड झाले तर कळव.

दाखला प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घातला आहे. पोहोचला की लगेच फोन कर. मी त्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवल्यात. एक ट्रंकेत आणि एक माझ्या पर्समध्ये.

तुझी,
आई