चित्राखाली माध्यम तरी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला चिनी अमूर्त शाईचित्रांवरचा लेख वाचला. छपाई सुरेख, पण प्रत्येक चित्राखाली फक्त ‘मिश्र माध्यम’. आणि लेखाचा सूर असा, की चिनी चित्रकारांनी अमेरिकी अमूर्त शैली उचलली आणि रंगाऐवजी शाई वापरली. तो प्रभाव कोणी नाकारत नाही. पण मिसळले काय, हे न सांगताच निकाल कसा लावायचा?

तैवानमध्ये १९५०च्या दशकात ‘पाचवा महिना’ हा चित्रकारांचा गट उभारणारे लिऊ कुओ-सुंग यांचेच घ्या. तेलरंगाकडून शाईकडे परतल्यावर त्यांनी पृष्ठभागावर भरड तंतू असलेला कागद मुद्दाम करवून घेतला. त्यावर रुंद कुंचल्याने शाई फासायची आणि मग ते तंतू उपटून काढायचे. तंतूंखाली शाई पोचलेली नसते, त्यामुळे तिथे पांढऱ्या शिरा उमटतात. कड्याच्या कपारीत बर्फ अडकावे तशा. परंपरेत पांढरी जागा चित्रकार आधीच राखून ठेवतो. इथे ती काळ्यातून मागाहून निघते. हा झगडा चिनी कुंचल्याच्या परंपरेशीच आहे. अमेरिकी अमूर्त चित्रकार पोलॉकचे नाव त्यानंतर घ्यावे.

आनहुई प्रांतातला शुआन कागद झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनतो. त्यावर शाई टेकताच पसरते, चूक पुसता येत नाही. चित्रकार झेंग चोंगबिन त्यावर पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग लावतात. तो असेल तिथे शाई आत मुरत नाही; अडते, साचते, कडेने वाट काढते. यांग जियेचांग यांनी तर शाईवर शाईचे इतके थर चढवले, की कागद सुरकुतला आणि काळ्याला चकाकी आली. १९८९मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात ही चित्रे होती. (मिश्र माध्यमाच्या नावाखाली वाटेल ते चिकटवणारे तिकडेही असतील, इकडे तर आहेतच.)

आपले अमूर्त चित्रकार गायतोंडे यांच्यावर लिहिताना आपण त्यांच्या रंग लावण्याच्या रोलरबद्दल आवर्जून लिहितो. मग या मंडळींच्या वाट्याला दोनच शब्द का? पुढच्या वेळी कागद कोणता, शाईबरोबर काय वापरले आणि चित्राची लांबी-रुंदी किती, एवढे तरी छापावे. वीतभर छायाचित्रावरून मूळ चित्र हातभर आहे की भिंतभर, हेही कळत नाही.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, कोल्हापूर