तेच चौघे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात तू विचारलंस, दोन व्हायोलिन, व्हिओला (व्हायोलिनहून थोडा मोठा, खालच्या स्वराचा) आणि चेलो (त्याहून मोठा, बसून वाजवायचा) असं चौघांचं पाश्चात्त्य वादन, म्हणजे क्वार्टेट, ऐकायचं तर सुरुवात कुणापासून करू? मी डोळे मिटून सांगेन, अमाडियस क्वार्टेट. १९४७ ते १९८७, चाळीस वर्षं, आणि माणसं अखेरपर्यंत तीच.

नॉर्बर्ट ब्रेनिन, सिगमंड निसेल आणि पीटर शिडलॉफ ही नाझींपासून जीव वाचवून ऑस्ट्रियातून इंग्लंडला आलेली ज्यू पोरं. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने त्यांनाच शत्रूदेशाचे नागरिक ठरवून स्थानबद्ध केलं, आणि ओळखी जुळल्या त्या छावण्यांमध्ये! सुटका झाल्यावर मॅक्स रोस्टाल या थोर गुरूंनी त्यांना एक पैसा न घेता शिकवलं. चेलोवादक मार्टिन लव्हेट लंडनचाच. १० जानेवारी १९४८ला लंडनच्या विगमोर हॉलमध्ये संगीतकार मोत्सार्टचं ‘अमाडियस’ हे मधलं नाव घेऊन ते प्रथम लोकांसमोर आले.

मला सगळ्यांत मोठा वाटतो शिडलॉफ. तिघेही मुळात व्हायोलिनवाले, पण क्वार्टेटला व्हिओला हवा म्हणून त्याने आपलं वाद्य बदललं. व्हिओलाकडे मुख्य सुरावट क्वचितच येते; ती आली की त्याचा भरदार स्वर ऐक. ब्रेनिनच्या व्हायोलिनच्या स्वरातला कंप काहींना फार गोड वाटतो. मला त्यात गाणारा गळा ऐकू येतो.

डॉइश ग्रामोफोन या रेकॉर्ड कंपनीसाठी त्यांनी बेथोवनची सगळी क्वार्टेट्स (अशा चौघांसाठीच्या रचनांनाही क्वार्टेटच म्हणतात) ध्वनिमुद्रित केली. मोत्सार्ट, शूबर्ट, ब्राम्सही भरपूर. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनचं तिसरं क्वार्टेट त्यांनीच प्रथम सादर केलं, डिसेंबर १९७६मध्ये. त्या संगीतकाराचं निधन होऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता.

१९८७मध्ये शिडलॉफ गेला आणि उरलेल्या तिघांनी क्वार्टेट थांबवलं. दुसरा वादक घेतला नाही. रशियाचं बोरोडिन क्वार्टेट १९४५पासून माणसं बदलत चालू आहे, त्यातही काही गैर नाही. पण एकमेकांचा श्वास ओळखून वाजवणाऱ्या या तिघांना ती जागा भरावीशी वाटली नाही, हे मला फार पटतं.

तू त्यांनी वाजवलेल्या शूबर्टच्या सी मेजर क्विंटेटपासून, म्हणजे पाच वाद्यांच्या रचनेपासून, सुरुवात कर. त्यात दुसरा चेलो लागतो, म्हणून विल्यम प्लीथ सोबतीला आहे. संथ भाग घाईत ऐकू नकोस. काय वाटलं ते सविस्तर लिही, मग बेथोवनच्या शेवटच्या क्वार्टेट्सकडे वळू.

तुझाच,
जुना सोबती