मनूला, सुईदोऱ्याच्या डब्याबद्दल

मनू बाळा,

काल फोनवर म्हणालीस डब्यातलं सगळंच गंजलंय, नवीन किट ऑनलाइन मागवते, तर आधी हे वाच आणि मग मागव काय मागवायचं ते.

सुई खरखरीत जाते कारण तिच्यावरचं निकेलचं पाणी उडालंय, आतलं पोलाद उघडं पडलं की मुंबईच्या दमट हवेत ते गंजणारच. झिरो नंबरचा काचपेपर घे, चिमटीत दुमडून त्यातून सुई लांबीच्या दिशेनं पाचसात वेळा ओढ, आडवी घासू नकोस, चरे पडतात आणि मग प्रत्येक टाक्याला कापड ओढलं जातं. मग केसातून फिरव. हसू नकोस, आजी शिवता शिवता मधेच सुई अंबाड्याजवळ न्यायची, डोक्यातलं खोबरेल लागलं की कशी सुळ्ळकन जाते बघ. कोरड्या साबणाच्या वडीत दोनदा खुपसली तरी चालतं, पण त्यात ठेवून देऊ नकोस, साबण ओल धरतो. नेढं आतून गंजलं असेल तर मात्र ती सुई टाकूनच दे, ते दोरा कातरतं आणि आपण उगाच दोऱ्याला शिव्या घालतो.

कात्री मेरठची आहे, 1994 साली घेतलेली, ती अजिबात टाकायची नाही. टोकापासून दोन बोटं अलीकडे खाच आहे ती तुझ्या बाबांची कृपा, टीव्हीची केबल कापली होती, वर म्हणे कात्रीच आहे ना! तिथं पातळ कापड चावल्यासारखं दुमडतं, म्हणून कापड पात्यांच्या मुळाशी धरून छोटे छोटे घास घेत काप. आणि कापत नाही म्हणजे धारच गेली असं नसतं गं, मधलं रिबीट ढिलं झालं की पाती एकमेकींना टेकत नाहीत, कापड मधेच दबतं. मी दर दिवाळीला वरवंट्यानं हलकं ठोकते, तुझ्याकडे वरवंटा कुठला, खाली चावीवाला बसतो त्याला सांग.

अंगुस्तानाला, म्हणजे शिवताना बोटात घालायच्या टोपीला, भोक पडलंय, आतून चिकटपट्टीचे दोन पदर लाव, बास.

2 नवीन सुया पाठवतेय, 9 नंबरच्या, तुझ्या मलमलच्या कुर्त्यांना. नंबर मोठा तेवढी सुई बारीक असते, दुकानात उलटं समजून दाभण घेऊन येशील! कालनिर्णयच्या मे महिन्याच्या पानात खोचल्यात, पान उलगडताना जपून.

आई