तुझ्या वेळापत्रकाबद्दल

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं वेळापत्रक मी दोनदा नीट पाहिलं. चार रंग, अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन, पहाटे पाच ते रात्री अकरा. देखणं झालंय, यात वाद नाही. पण त्याची बांधणी अशी आहे की सकाळी तुला दोन शिंका जास्त आल्या तरी पुढचे तीन चौकोन कोसळतील. फोनवर सांगायला गेलं की तू 'हो गं आई, कळलं' म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहितेय. हातातलं काम बाजूला ठेवून वाच. नाहीतर रात्री वाच.

आधी त्या चौकोनांचं बघू. कुठल्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस नेहमी कमीच धरतो, आणि त्यात हुशार-ढ असा भेद नसतो. १९९४ साली काही मानसशास्त्रज्ञांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत लिहून होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. मग विचारलं, सगळंच बिनसलं तर? ४९ दिवस, म्हणाले. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला हिशोबसुद्धा कमी पडला. कारण साधं आहे. अंदाज बांधताना आपल्या डोळ्यांसमोर फक्त ते काम असतं. मध्येच येणारा फोन, सापडत नसलेली फाइल, 'पाच मिनिटं जरा' म्हणत खुर्ची ओढून बसणारा सहकारी, यातलं काही दिसत नाही. तुझ्या तक्त्यात तर एका कामातून उठून दुसऱ्याला बसायलाही जागा नाही. असा तक्ता दुपारी बारालाच मोडतो आणि उरलेला दिवस 'आपल्याला काही जमत नाही' या विचारात जातो. काम तेवढंच राहतं, वर ही खंत.

म्हणून माझं म्हणणं असं, की सगळा दिवस बांधून ठेवायच्या भरीस पडू नकोस. रोज जे तेच ते असतं तेवढंच बांध आणि बाकीचा दिवस सैल सोड.

रोज तेच ते म्हणजे काय, ते आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातलं सांगते. ड्यूटीवर आलं की पहिल्यांदा इमर्जन्सी ट्रॉली तपासायची. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे ना, घशात नळी घालताना आत बघायचा जो लॅरिंगोस्कोप, त्याचा दिवा लागतो ना, औषधं मोजून जागच्या जागी आहेत ना, कुणाची मुदत संपत तर नाही आली. वरच्या कप्प्यापासून खालच्या कप्प्यापर्यंत, रोज त्याच क्रमानं, आणि तपासलं की वहीत सही. 'आज तपासायची का?' हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. कंटाळा आलेला असो, रात्री झोप झालेली नसो, हात आपोआप वरच्या कप्प्याकडे जातो. वॉर्डात त्यानंतर काय वाढून ठेवलंय हे कुणालाच माहीत नसतं. सकाळी आखलेला दिवस दहा वाजता ओळखू येत नाही असं तिथे सर्रास होतं. पण ट्रॉली तयार आहे एवढं नक्की असतं, त्यामुळे जे समोर येईल त्याला डोकं मोकळं मिळतं. घरातल्या नेमाकडून मला एवढीच अपेक्षा आहे. दिवस शिस्तीत चालवायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नकोस. आपलं डोकं भलत्या ठिकाणी खर्च होऊ नये, इतपत त्यानं केलं तरी पुरे.

तुझ्या सकाळी मी पाहिल्यात. किल्ल्या कुठायत, चार्जर कुठाय, हा कुर्ता इस्त्रीचा आहे का, आज ती मीटिंग किती वाजता. एकही काम अवघड नाही. पण घराबाहेर पडेपर्यंत तू वीसेक बारीकसारीक निर्णय घेऊन बसलेली असतेस आणि दाराशीच दमतेस. यातलं जवळपास सगळं आदल्या रात्री उरकता येतं. म्हणून माझ्या लेखी दिवसाचं खरं टोक रात्रीचं आहे. पहाटे उठणाऱ्यांचे गोडवे तू खूप ऐकले असशील, मला त्याचं फारसं कौतुक नाही. कुणी सकाळी टवटवीत असतं, कुणी संध्याकाळी, आणि त्यातलं बरंच अंगातच असतं. अकराला झोपून पाचला उठायचं लिहिलंयस तू. म्हणजे झोप सहा तास, आणि प्रौढ माणसाला किमान सात लागतात. झोप कापून आखलेला दिवस मी आखलेला मानत नाही.

तर रात्रीबद्दल. ड्यूटी संपताना आम्ही 'ओव्हर' देतो हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. खाटेखाटेपाशी उभं राहून येणाऱ्या सिस्टरला सांगायचं असतं: ही बाटली कधी लावली, किती उरलीय, पुढचा डोस किती वाजता, कुठला रिपोर्ट यायचा बाकी आहे, कुणाच्या नातेवाइकांना काय सांगून ठेवलंय. काय झालं ते थोडक्यात. काय व्हायचंय ते मात्र नीट, वेळेसकट. तेवढं झाल्याशिवाय गणवेश उतरवायचा नाही. तू तुझ्या उद्याच्या सकाळला असाच ओव्हर देत जा. पाच मिनिटं पुरतात. एक साधी वही घे. फोनवर नको, कारण फोन हातात घेतला की वेगळंच काहीतरी उघडतं. वहीत उद्याचं लिही, पण 'रिपोर्ट' एवढंच लिहून सोडू नकोस. 'रिपोर्टचा दुसरा भाग, तक्ता तपासून पाठवणे, जेवणाआधी' असं लिही.

हे माझ्या मनचं नाही. २०१८ साली एका अभ्यासात ५७ तरुण मुलामुलींना प्रयोगशाळेत झोपायला बोलावलं होतं. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, काहींनी उरकलेली कामं लिहिली. करायची कामं लिहिणाऱ्यांना साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांनी जितकं बारकाईनं लिहिलं तितकी लवकर. मला याचं नवल वाटलं नाही. अर्धवट राहिलेलं काम मनात टोचत राहतं. ते कागदावर कधी आणि कसं करायचं यासकट उतरलं की मन त्याचा पिच्छा सोडतं. काम पूर्ण व्हायची वाट बघावी लागत नाही.

लिहून झालं की बॅग भर, कपडे काढून ठेव, फोन चार्जिंगला लाव, आणि शक्यतो पलंगापासून लांब. किल्ल्यांना एकच जागा. दाराजवळ एक वाटी ठेव. आत आलीस की चप्पल काढायच्या आधी किल्ल्या वाटीत. 'नंतर ठेवते' म्हटलंस की त्या सोफ्याच्या फटीत सापडणार, हे मी लिहून देते.

'चप्पल काढायच्या आधी' हे मुद्दाम म्हटलंय. तुझ्या तक्त्यात प्रत्येक गोष्टीला घड्याळाची वेळ आहे: सहा दहाला व्यायाम, सात चाळीसला आवराआवर. घड्याळ हुकलं की ती गोष्ट गेली. त्यापेक्षा नवी गोष्ट अशा गोष्टीला बांध जी काही झालं तरी होणारच आहे. दात घासून झाले की पाठीचे व्यायाम. ऑफिसात लॅपटॉप उघडला की मेल बघण्याआधी रात्रीची वही. जेवणाची भांडी ठेवली की दहा मिनिटं चालणं. मग उशिरा उठलीस तरी दात घासायचेच आहेत, मागचं आपसूक येतं. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं यावर बरंच काम केलंय. त्याच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक टिपण लिहून पाठवायचं होतं. ज्यांनी कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवलं त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांनी वेळेत पाठवलं, आणि ज्यांनी नुसतं 'लिहू' म्हटलं त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश जणांनी. दोन्हीकडच्या मुलांची इच्छा सारखीच होती, हे लक्षात घे. 'माझ्यात चिकाटीच नाही' असं तू म्हणतेस ना, त्यावर मला हे सांगायचं होतं.

ऑफिसच्या वेळेत मी फार नाक खुपसत नाही, तुझं काम तुला माहीत. एकच सांगते. दिवसातलं जड काम कुठलं ते रात्री ठरलेलंच असेल, त्याला सलग तासभर दे, फोन उलटा ठेवून. एका कामातून अर्ध्यावर उठून दुसऱ्यात शिरलं की पहिल्याचा काही अंश डोक्यात रेंगाळतो आणि दुसरंही धड होत नाही. उठावंच लागलं तर उठण्याआधी एक ओळ लिहून ठेव: कुठे थांबले, पुढे काय. परत आल्यावर 'मी काय करत होते' यात वेळ जात नाही. आणि दोन कामांच्या मध्ये रिकामी जागा सोड. ती भरायचा मोह होईल, भरू नकोस. ती अडीअडचणीसाठी आहे, आणि अडीअडचण रोज येते.

धुणं, बिलं, सामान आणणं या आठवड्याच्या गोष्टी. त्यांचे वार ठरव आणि विसरून जा. त्यावर याहून जास्त विचार करण्यासारखं काही नाही.

आता तुझा लाडका प्रश्न, अंगवळणी पडायला किती दिवस लागतात. २१ दिवस हा आकडा तू कुठेतरी वाचलायस, त्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर १२ आठवडे एक अभ्यास झाला, तो २००९ मध्ये छापून आला. प्रत्येकानं एक छोटी गोष्ट निवडून रोज ठरलेल्या खुणेला जोडली होती. मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण कुणाला १८ लागले तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. पेलाभर पाणी पिणं लवकर रुळलं, व्यायामाला कितीतरी जास्त वेळ लागला. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तू मात्र एक दिवस चुकला की 'आता सोमवारपासून' म्हणतेस. बुधवारी चुकलं तर गुरुवारी कर. सोमवारची वाट बघायचं काही कारण नाही.

आणि म्हणूनच तुझे चौदा नवे नेम मी खोडणार आहे. तीन ठेव. रात्रीची वही, किल्ल्यांची वाटी, दात घासल्यावरचे व्यायाम. तेही दोन पदरी ठेव: बऱ्या दिवसाचा एक आणि वाईट दिवसाचा एक. बऱ्या दिवशी वीस मिनिटं व्यायाम, वाईट दिवशी चटईवर बसून दोनदा पाठ ताणली तरी झालं. बऱ्या दिवशी वहीत उद्याचं सगळं, वाईट दिवशी फक्त सकाळचं पहिलं काम. ताप असेल, घरी पाहुणे असतील, ऑफिसातून अकराला आलीस, तरी होईल इतकं ते छोटं हवं. करून बघ आणि जे नुसतं दाखवायला म्हणून होतंय ते खुशाल काढून टाक. माझ्याशी भांडायचं असेल तर व्यायामावरून भांड, वहीवरून भांडू नकोस.

तुझे बाबा म्हणताहेत की मी फार लांबण लावलीय, आणि वाटीपेक्षा दारामागे हुक बरा. बरोबर आहे त्यांचं. पुढच्या महिन्यात आम्ही आलो की ते ठोकून देतील. ड्रिल आम्ही आणतो, तू फक्त भिंतीत वायर कुठून गेलीय ते घरमालकांना विचारून ठेव.

तुझी,
आई