यमक मोजा, मग यादी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जगातल्या दहा महान रॅपरांची यादी वाचली. एमिनेम आहे, जे-झी आहे, ड्रेक तर वरच्या फळीत आहे. एमएफ डूमचं नाव मात्र शोधूनही सापडलं नाही. लेखकांनी व्ह्यूज, ग्रॅमी आणि खप मोजलाय, त्या हिशेबात डूम बसणारच नाही. मॅडलिब या संगीतकाराबरोबर केलेला त्याचा सगळ्यात गाजलेला अल्बम 'मॅडव्हिलनी' (२००४) अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १७९ च्या वर चढला नाही. पण रॅपर केवढा हे त्याच्या ओळींवरून ठरवायचं असेल, तर तुमची यादी कच्ची आहे. माझा धंदा साउंड सिस्टिमचा. रॅप ज्यातलं, ते हिप-हॉपही १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात डीजे कूल हर्क नावाच्या साउंडवाल्यापासूनच सुरू झालं, म्हणून बोलायचा थोडा हक्क सांगतो.

साधा रॅपर 'भाकरी'ला 'चाकरी' जोडतो आणि पुढे सरकतो. डूमची पद्धत मराठीत करून दाखवायची तर अशी: 'ताटात कडक भाकरी, घाटात सडक-चाकरी'. ताटात-घाटात, कडक-सडक, भाकरी-चाकरी. अख्खी ओळ अख्ख्या ओळीवर बसली. (ओळ माझी आहे, हसू नका.) मला एवढ्याला अर्धा दिवस लागला. डूम तोच सांधा ओळीमागून ओळ ओढत नेतो, तेही कट्ट्यावर गप्पा मारल्यासारखा, बीटच्या किंचित मागे रेंगाळत. वर एक खोडी करतो. यमक कोणतं येणार हे आपल्याला आधीच कळलेलं असतं, शब्द ओठांवर आलेला असतो, बऱ्याचदा ती शिवीच असते, आणि हा पठ्ठ्या तिथे भलताच सभ्य शब्द टेकवून निघून जातो.

'मॅडव्हिलनी'त २२ ट्रॅक आहेत आणि मिनिटं जेमतेम ४६. धृपद जवळपास नाहीच. एका गाण्यात अकॉर्डियनची छोटीशी धून फिरत राहते, बाकी सगळा भार शब्दांवर. हा अल्बम बाहेर यायच्या आधीच इंटरनेटवर फुटला होता. डूमने मग आपला आवाज पुन्हा रेकॉर्ड केला, पहिल्यापेक्षा संथ आणि शांत. गर्दी नाचवायला आम्ही आवाज चढवतो, याने उतरवला.

त्याचं खरं नाव डॅनियल ड्युमिले. जन्म लंडनचा, १९७१ चा, वाढला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर. केएमडी या रॅप गटात त्याच्याबरोबर असलेला धाकटा भाऊ सबरॉक १९९३ मध्ये मोटारीच्या धडकेत गेला. पुढच्या वर्षी रेकॉर्ड कंपनीने मुखपृष्ठाच्या वादावरून तयार अल्बम अडवला आणि गटालाही सोडलं. काही वर्षं हा माणूस कुठे दिसलाच नाही. मग मॅनहॅटनच्या न्यूयोरिकन पोएट्स कॅफेत तोंडावर स्टॉकिंग ओढून माइकपुढे उभा राहिला. धातूचा मुखवटा त्यानंतरचा. चेहरा बघू नका, ओळी ऐका, एवढाच त्याचा हट्ट. याच मुखवट्याआड काही कार्यक्रमांना त्याने स्वतःऐवजी दुसऱ्यालाच उभं केलं, ही मात्र तिकीट काढलेल्यांची सरळ फसवणूक. आपल्याकडे एखाद्या शाहिराने असं केलं असतं तर लोकांनी स्टेज मोडलं असतं.

शाहिरांवरून आठवलं, राम जोशी आपल्याच सोलापूरचे. संस्कृत शिकलेला, कीर्तन जाणणारा माणूस घरच्यांचा रोष पत्करून तमाशाच्या फडात शिरला आणि लावणीत यमक-अनुप्रास असे ठासून भरले की म्हणताना जीभ अडखळली तर तालच सुटावा. त्यांना किती बिदागी मिळाली यावरून आपण त्यांचा मोठेपणा ठरवतो का? मग रॅपरच्या बाबतीतच व्ह्यूज का मोजायचे?

डूमला पहिला नंबर द्या, असं माझं म्हणणं नाही. ओळीच्या पोटात यमक खेळवण्याची वाट रकिम या रॅपरने १९८७ च्या 'पेड इन फुल' अल्बममध्येच रुंद केली होती. गोष्ट सांगण्यात नास हा रॅपर उजवा. त्याचा 'इलमॅटिक' अल्बम ऐकताना अख्खी वस्ती डोळ्यांपुढे उभी राहते, डूमकडे कधी कधी नुसता शब्दांचा खेळ उरतो. पण यमकाच्या कसबात मी त्याला रकिमच्या शेजारी बसवीन. तेही ड्रेकला उठवून. ३१ ऑक्टोबर २०२० ला तो वारला आणि जगाला ते दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला कळलं. तेव्हा सगळ्यात जास्त हळहळले ते इतर रॅपरच.

लेखकमहाशयांनी 'मॅडव्हिलनी' एकदा ऐकावा आणि मग यादीची दुरुस्ती छापावी, ही विनंती. ऐकायला हेडफोन वापरावेत. माझ्या स्पीकरवर नको, बेसमध्ये शब्द बुडतात.

आपला,
एक साउंडवाला
बाळीवेस, सोलापूर