सही करण्याआधी

चि. बेटीस अनेक आशीर्वाद.

बडनेऱ्याहून गाडी सुटली हा तुझा फोन आईनं घेतला. मी वावरात होतो. घरी असतो तरी काय बोललो असतो, ठाऊक नाही. पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे, झडत्यांची गाणी रंगात आलेली, आणि तू जवळ येऊन सांगितलंस की स्टुडिओतली नोकरी सोडली, आता स्वतःचा सिनेमा काढणार. रात्री मी कर्जाच्या व्याजाचं विचारलं आणि तू पानावरून उठलीस. फोनवर आपल्या दोघांचाही आवाज चढतो, म्हणून लिहितो आहे. व्याजाबद्दल या पत्रात एक शब्द काढणार नाही, असं आईला कबूल केलं आहे.

गावात अजून विचारतात, "पोरगी सिनेमात हाय म्हनता, मंग दिसत काहून नाई?" मी सांगतो, कोणता सिनेमा काढायचा आणि कोणता नाही हे ज्या खोलीत ठरतं, त्या खोलीत ती बसते. किती गोष्टी वाचायच्या, लेखकाकडून त्या पुन्हा पुन्हा लिहून घ्यायच्या, खर्चाचा अंदाज बांधायचा, साहेबांशी भांडायचं, आणि एवढं करून त्यातल्या मोजक्याच पडद्यावर येतात. समोरच्याला हे सगळं कळत नाही, तरी मी सांगतो. अमरावतीला 'कार्यकारी निर्माती' म्हणून तुझं नाव आलं तेव्हा लोक उठून चालले होते. आम्ही दोघं शेवटची ओळ सरेपर्यंत बसलो. दिवे लागल्यावर झाडायला आलेल्या बाईला आई म्हणाली, "आत्ता गेलं ना, ते आमच्या पोरीचं नाव होतं." मला तेव्हा बोलताच आलं नाही.

त्यामुळे तुला जमणार नाही असं मी म्हणतो, हे मनातून काढून टाक. मालाडच्या बॉम्बे टॉकीजची गोष्ट तूच मला सांगितलीस. कंपनी १९३४ सालची. हिमांशू राय १९४० मध्ये वारले आणि देविका राणींनी स्टुडिओचा कारभार हाती घेतला. १९४३ मध्ये शशधर मुखर्जी आणि अशोक कुमार बाहेर पडून फिल्मिस्तान काढून बसले, तरी बाई आणखी दोन वर्षं उभ्या राहिल्या. ते सांगताना तुझे डोळे कसे चमकत होते, आठवतं. पण बेटा, ती कंपनी शेअर विकून उभी केली होती. प्रभातही १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच जणांनी मिळून काढली. शांताराम १९४२ मध्ये निघून गेले, १९५३ मध्ये कंपनी बंद झाली, आणि १९६० पासून तिच्या पुण्यातल्या जागेत ती फिल्म इन्स्टिट्यूट आहे जिच्या फाटकाशी मी तुझी वळकटी उतरवली होती. एवढ्या मोठ्या माणसांनीही ओझं वाटून घेतलं. तू एकटी आहेस. शेकडा दोननं पैसे मिळतात म्हणालीस. महिन्याचे दोन म्हणजे वर्षाचे चोवीस.

बघ, आलोच त्यावर.

बहिरमच्या यात्रेचं तुला कधी नीट सांगितलं नाही. मी मालकाकडे टूरिंग टॉकीजवर होतो, तुझ्या आईशी लग्न व्हायच्या आधी. सिनेमाच्या बाजारात आपला मुलूख अजून सी. पी. बेरार याच जुन्या नावानं ओळखला जातो, आणि त्याचे वितरक अमरावतीत बसायचे. तिथून पेटी आणायचं काम माझं. पत्र्याच्या डब्यांतली रिळं एसटीच्या टपावर चढवायची, परतवाड्याला उतरवायची, तिथून मिळेल त्या गाडीनं यात्रेत न्यायची. एखादं रीळ मागं राहिलं तर रात्री लोक खुर्च्या फेकत, म्हणून मी टपावरच पेटीला टेकून बसायचो. थंडी अशी की बोटं वळत नसत. पण पहिल्या खेळाला कनातीबाहेर हंड्या आणि रोडग्यांचा धूर, आत बाया एकीकडे, माणसं एकीकडे, आणि यंत्राचा आवाज सुरू झाला की सगळे गप्प. तुला हे वेड कुठून लागलं, असं आई विचारते तेव्हा मी दुसरीकडे पाहतो.

त्या साली मालकानं एक मोठा सिनेमा एमजीवर घेतला. धंदा होवो न होवो, ठरलेली रक्कम वितरकाला द्यायचीच. पैसा संत्र्याचा बगीचा गहाण ठेवून आणला. आणि यात्रा भरात असताना अवकाळी पाऊस आला, गारांसकट. कनात चिखलात बसली, लोक गाड्या जुंपून घरी गेले, आणि बगीच्यातला मृग बहारही झडला. सिनेमा चांगला होता, बेटा. मालक कष्टाळू होता, हिशेबाला चोख होता. कुणाचं काही चुकलं नव्हतं. व्याज मात्र पावसातही चालू होतं. बगीचा गेला. त्यानंतर मालक त्या वाटेनं कधी गेला नाही, मोर्शीला जायचं तरी लांबचा वळसा घ्यायचा. त्याच्या मागं सायकलवर मी असायचो.

म्हणून विचारलं मी त्या रात्री.

तू म्हणशील, आता काळ बदलला. बदलला, मान्य. पूर्वी निगेटिव्ह लॅबमध्ये आणि लॅबचं पत्र सावकाराच्या खिशात, त्यानं हो म्हटल्याशिवाय प्रिंट निघायची नाही. १९९८ साली सरकारनं सिनेमाला उद्योगाचा दर्जा दिला, मग बँकांची दारं थोडी उघडली. पण तूच सांगतेस की मराठी सिनेमाला बँक अजून दारातच उभं करते. टीव्हीवाले आधी सिनेमा न बघता घ्यायचे, आता घेत नाहीत. तिकिटातून आधी कर, मग थिएटरचा वाटा, मग वितरकाचं कमिशन, मग जाहिरातीचा खर्च, आणि शेवटी निर्माता. कापसाच्या गाडीवर सगळ्यांनी हात मारल्यावर शेतकऱ्याला उरतं तसं. सेन्सॉरचा कागद लांबला, चांगला शुक्रवार मिळाला नाही, मोठा हिंदी सिनेमा आडवा आला, की तारीख पुढं जाते. तारीख थांबते, व्याज थांबत नाही. नोकरीत होतीस तेव्हा सिनेमा पडला तरी स्टुडिओचा पैसा पडायचा. तुझा पगार पहिल्या तारखेला यायचा. आता

हे भाषण झालं. माफ कर. ज्या गोष्टी तू रोज करतेस त्या मी तुला समजावतो आहे.

आईनं पाटल्या देते म्हटल्याचं मला कळलं आहे. फाळक्यांच्या सरस्वतीबाईंची गोष्ट तू तिला सांगितलीस, दागिने दिले, शंभर कामं केली, रात्री फिल्म धुतली, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. तेव्हापासून तिचं सारखं मनगटाकडे लक्ष. मी अडवणार नाही, पाटल्या तिच्या आहेत. देणाऱ्यानं परत मागायच्या नाहीत असा पैसा सिनेमात घाल, मला त्याची भीती नाही. फाळक्यांनी विम्याची पॉलिसीही गहाण टाकली होती. ते वाचलं की माझ्या पोटात कालवतं.

आता माझं ऐक. काल तलाठ्याकडून सातबारा काढून आणला. विहिरीकडचं वावर आजोबांनी तुझ्या नावावर केलं, ते तुझंच आहे. सिनेमाला लागत असेल तर विक. काकाजी घ्यायला तयार आहेत, मी त्यांच्याशी बोललो, भावात फसवणार नाहीत. यंदा त्यात तूर आहे, तेवढी काढू दे. विकलं तर मला वाईट वाटेल आणि मी ते सोसेन. पण गहाण ठेवू नकोस. हे वावर नाही, कुठलंच नाही, आणि स्वतःला तर नाहीच. सिनेमा नाही चालला तर तू इथं मोकळी यायला हवीस, कुणाचा फोन चुकवत नाही.

कंपनी काढलीस म्हणजे कर्ज कंपनीचं, असं तू म्हणालीस. अचलपूरच्या वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, सावकार अशा वेळी कंपनीच्या सहीवर थांबत नाही, मालकाची वैयक्तिक हमी वेगळ्या कागदावर घेतो, आणि तो कागद बहुधा गठ्ठ्याच्या शेवटी असतो. तुझ्या गठ्ठ्यात तो आहे का, बघ. असेल तर सही करण्याआधी फोटो काढून पाठव, वकीलसाहेब वाचून देतील. पैसे घेत नाहीत ते आपल्याकडून.

गोष्ट मात्र छान आहे. आईला सांगितलीस तेव्हा मी ओसरीवरून ऐकत होतो. शेवटी ती म्हातारी एसटीतून उतरते तिथं थोडं थांबू दे, लगेच कापू नकोस.

लोणचं आणि ज्वारीचं पीठ येणाऱ्या पाहुण्यासोबत पाठवतो. हमीच्या कागदावर तुझं नाव आहे की नाही, एवढं आधी कळव.

तुझे बाबा