मागायचे राहून गेलेले

नागपूर

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

आई गेल्यानंतर तू लिहिलेल्या पत्राला उत्तर द्यायला मला तीन महिने लागले, कारण त्यात तू एकच प्रश्न विचारला होतास: "प्रार्थना करता येते का रे?" घरी येऊन गेलेल्यांपैकी कुणीही तो विचारला नाही. पाळकसाहेब आले, मंडळीतले लोक आले, गीते झाली, आणि भेटेल त्याला मी 'प्रभूची इच्छा' एवढेच म्हणत राहिलो. तुला तेच लिहून पाठवायला हात धजेना.

शेवटचे अकरा दिवस मी आईच्या उशाशी बसून रोज प्रार्थना केली, पण 'तिला बरे कर' असे एकदाही म्हटले नाही. तिला वेदना होऊ देऊ नकोस, आम्हाला धीर दे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असेच म्हणत गेलो. डॉक्टरांनी सांगितले होते त्यापलीकडचे काही मागणे मला बालिश वाटत होते, आणि माझ्या त्या संयमालाच मी श्रद्धा समजत होतो.

गेल्या महिन्यात डॅनिश दिग्दर्शक ड्रायर यांचा 'ओर्डेट' हा चित्रपट पुन्हा पाहिला. हिस्लॉप कॉलेजमध्ये असताना आपण दोघांनी तो पाहिला होता, आठवते? त्या रात्री सायकली हातात धरून सिव्हिल लाइन्सच्या रस्त्याने चालताना आपण फक्त छायाचित्रणाबद्दल बोललो होतो: दोन तासांच्या चित्रपटात शंभरावर थोडेच शॉट, खोलीभर संथपणे फिरणारा कॅमेरा, १९५५ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात मिळालेला सुवर्णसिंह पुरस्कार. ज्याच्या नाटकावरून तो घेतला तो काइ मुंक स्वतः जटलंडमधल्या एका खेड्यात पाळक होता, आणि जर्मनांच्या ताब्यातील डेन्मार्कमध्ये उघड बोलत राहिल्याबद्दल गेस्टापोने १९४४ साली त्याचा जीव घेतला, हेही तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हते.

या वेळी मला दिसला तो म्हातारा मोर्टेन. आपला मुलगा योहानेस स्वतःला ख्रिस्त समजू लागला आहे, त्याच्यासाठी आपण प्रार्थना केली, पण ती ऐकली जाईल असा पुरता विश्वास करताना नव्हता, अशी कबुली तो सुनेजवळ, इंगेरजवळ देतो. ते ऐकताना मी खुर्चीत सावरून बसलो. पुढे तीच इंगेर बाळंतपणात जाते. शवपेटीभोवती सगळे श्रद्धावान उभे असतात, आणि योहानेस त्यांना विचारतो की इंगेरला परत दे असे देवाजवळ मागण्याचे तुमच्यापैकी कुणालाच कसे सुचले नाही. तिची लहान मुलगी तेवढी त्याचा हात धरून उभी असते. तिला शंका नसते, घाई असते.

माझी नऊ वर्षांची मुलगी शेजारी बसून हे पाहत होती. झोपायला जाताना तिने विचारले, "बाबा, आपण आजीसाठी असं मागितलं होतं का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मी मागितलं होतं." मग जरा थांबून, "रोज." तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तिने मागितले होते आणि आजी गेली होती, आणि या दोन्ही गोष्टी तिच्याजवळ शेजारी शेजारी नांदत होत्या. मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्या चित्रपटातली आणखी एक गोष्ट आईच्या संदर्भात तुला सांगितली पाहिजे. मोर्टेन आणि पेटर शिंपी हे दोघेही ख्रिस्तीच, पण पंथभेदामुळे आपल्या मुलांचे लग्न होऊ देत नाहीत. पेटर शेवटी आपली मुलगी देतो ती इंगेर पुन्हा जिवंत होण्याचा चमत्कार पाहून नव्हे, तर त्याआधी, इंगेरचे प्रेत समोर असताना. आमच्या घरची कथा फार वेगळी नाही. आई स्कॉटिश मिशनच्या मंडळीतली, बाबा अँग्लिकन. लग्न कोणत्या चर्चमध्ये लावायचे यावरून दोन्ही आजोबा वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी इथल्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्चेस एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, तेव्हा आई माझ्या थोरल्या बहिणीला कडेवर घेऊन तिथे होती. गर्दीत एका आजोबांनी दुसऱ्यांना गीतांचे पुस्तक उघडून पान दाखवले, एवढेच तिला त्या दिवसाचे आठवत असे, आणि ते सांगताना दर वेळी तिचे डोळे भरून येत.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे गाडीने राजनांदगावला जाऊन आलो. तिथे आमचे कुणी नाही. पण याच मार्गावर, राजनांदगावला नोकरीसाठी निघालेल्या नारायण वामन टिळकांना डब्यात एका मिशनऱ्याने बायबल दिले आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे सांगितले, ही गोष्ट आई लहानपणी आम्हाला सांगत असे. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आईचा जीव मात्र लक्ष्मीबाईंमध्ये अडकलेला असे. नवरा असा दूर गेल्यावर त्या बाईने काढलेली ताटातुटीची वर्षे हीच तिच्या लेखी त्या गोष्टीतली खरी श्रद्धा होती. वैनगंगा मागे पडली, गोंदिया गेले, सालेकशापुढे जंगल सुरू झाले, आणि डोंगरगडचा डोंगर दिसेपर्यंत मी ती सगळी गोष्ट मुलीला सांगत होतो. बायको म्हणाली, तुम्ही अगदी आईंसारखे सांगता, त्याच ठिकाणी थांबता.

परतीच्या प्रवासात दोघी झोपल्यावर मी खिडकीशी बसून पहिल्यांदा मागितले. आईला परत दे, असेच म्हटले. भाऊ लाजर मरण पावल्यावर मार्था आणि मरिया प्रभूला 'तू इथे असतास तर' असे तोंडावर म्हणू शकल्या, आणि तो त्यांच्यावर रागावला नाही, रडला. हे वचन मी आयुष्यभर वाचत आलो आहे. गाडी कामठीला पोहोचेपर्यंत मी तेच एक वाक्य म्हणत होतो, आणि रडत होतो. तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे, की करता येते, पण नुकतीच येऊ लागली आहे.

नाताळला ये. आईची खोली तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. सांबारवडी आता बायको करते, आईच्याच हाताखाली शिकलेली. 'ओर्डेट' आपण पुन्हा लावू; मुलीला तो तुझ्याबरोबर पाहायचा आहे, कारण तू तेव्हा काय म्हणाला होतास ते मला नीट सांगता आले नाही.

तुझा,
जुना सोबती